चित्रकाराने आपला परिचय कसा लिहावा

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात जलरंगांतील एक चित्र आहे. काळोखात एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे आणि ज्योत विझू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताची ओंजळ आडोशाला धरली आहे. ज्योतीचा तांबूस उजेड तिच्या बोटांच्या फटींतून पाझरतो आणि वर चेहऱ्यावर पसरतो. हे चित्र पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येतात. त्याच्या छापील प्रती कितीतरी घरांतून लागलेल्या आहेत. परंतु या चित्राचा कर्ता कोण, असे विचारले की पुष्कळ जण निःशंकपणे राजा रविवर्म्याचे नाव सांगतात. वस्तुतः हे चित्र सावंतवाडीस जन्मलेले आपले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. १९४५–४६ च्या सुमारास त्यांनी ते रंगविले आणि त्यासाठी त्यांची कन्याच हाती दिवा घेऊन उभी राहिली होती. रविवर्मा तर १९०६ सालीच निवर्तले होते. म्हणजे आपल्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी काढलेल्या चित्राचे श्रेय लोक त्यांच्या पदरात घालीत आले आहेत!

हळदणकर काही अप्रसिद्ध कलावंत नव्हते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले होते, स्वतःची कलासंस्था चालवून त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या होत्या आणि जलरंगांवरील त्यांची हुकमत जाणकारांना मान्य होती. तरीही असे का व्हावे? त्याच संग्रहात रविवर्म्यांचीही चित्रे आहेत, आणि प्रसिद्ध नावाचा स्वभावच असा असतो की जवळपासचे सारे काही ते आपल्याकडे ओढून घेते. प्रेक्षक चित्र पाहतो, मोहित होतो आणि ठाऊक असलेले एकमेव नाव त्याला देऊन टाकतो. चित्र स्वतःच्या तोंडाने आपल्या कर्त्याविषयी काही सांगू शकत नाही. ते काम शब्दांनाच करावे लागते.

या शब्दांविषयीच आज मला थोडे बोलावयाचे आहे. प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर, सूचिपुस्तिकेच्या अखेरच्या पानावर किंवा कलादालनाच्या दाराशी चिकटविलेल्या कागदावर चित्रकाराविषयी जो शंभर-दीडशे शब्दांचा मजकूर असतो, त्याला आपण चित्रकाराचा परिचय म्हणतो. बहुधा तो प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, छापखान्याचा तगादा सुरू झाल्यावर, घाईघाईने लिहिला जातो. एका चित्रापाठी महिनाभर खपणारा कलावंत या मजकुरासाठी अर्धा तासही देत नाही. परंतु रंग सुकून गेल्यावर, चित्र विकले गेल्यावर आणि प्रदर्शनाचा मांडव उठल्यावर मागे राहतो तो हा कागदच. म्हणून त्याच्याकडे स्तुतिपत्र म्हणून पाहू नये. साक्षीदाराची जबानी म्हणून पाहावे, असे मला सुचवावयाचे आहे. जबानीत अलंकार नसतात. कोण, कोठला, केव्हा, काय केले, एवढेच तीत असते. आणि ते खरे असावे लागते.

आपल्याकडचे जुने कलावंत अनामिक राहण्यातच धन्यता मानीत, असे पुष्कळदा म्हटले जाते. अजिंठ्याच्या भिंतींवर एवढा अमोल ठेवा निर्माण करणाऱ्या चित्रकारांपैकी एकाचेही चरित्र आपल्याला ठाऊक नाही, हे खरे. तथापि यावरून नाव मागे ठेवण्याची इच्छाच आपल्याकडे नव्हती, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने ‘आईन-ए-अकबरी’त काही चित्रकारांची नोंद केली आहे. त्यांत दसवंत नावाच्या चित्रकाराविषयी चार ओळी आहेत. हा एका पालखी वाहणाऱ्या भोयाचा मुलगा. भिंतींवर चित्रे काढीत असे. बादशहाच्या दृष्टीस ती पडली आणि त्याने त्याला ख्वाजा अब्दुस्समद याच्या हाताखाली शिकावयास दिले. अल्पकाळातच तो अग्रगण्य झाला. पुढे चित्तभ्रमाने ग्रासून त्याने आपल्या हातांनी जीवन संपविले. मागे मात्र अनेक उत्कृष्ट चित्रे ठेवून गेला. एवढाच तो मजकूर. पण त्यात कलावंत कोठून आला, कोणापाशी शिकला, त्याने काय केले आणि मागे काय ठेवले, या चारही प्रश्नांची उत्तरे आली आहेत. सव्वाचारशे वर्षांनंतरही दसवंत आपल्याला माणूस म्हणून दिसतो, तो या चार ओळींमुळे.

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. हिमालयाच्या पायथ्याशी गुलेर नावाचे एक छोटे संस्थान होते. तेथला नैनसुख हा अठराव्या शतकातला थोर चित्रकार. बलवंतसिंह या आपल्या आश्रयदात्याची त्याने काढलेली चित्रे आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत. परंतु पहाडी चित्रे दीर्घकाळ केवळ संस्थानांच्या नावाने ओळखली जात: हे गुलेरचे, ते बसोलीचे, ते कांगड्याचे. माणसांची नावे त्यांतून जवळजवळ पुसली गेली होती. ब्रजेंद्रनाथ गोस्वामी या विद्वानाने एक अगदी साधी गोष्ट ध्यानात घेतली. नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला उपाध्यायांच्या वह्या ठाऊक आहेत. आपले गाव सांगितले की ते आजोबा-पणजोबांच्या हातची नोंद काढून दाखवितात. तशाच बह्या हरिद्वारच्या पंड्यांकडे आहेत. चित्रकारही यात्रेस गेले असतीलच; मग त्यांनीही आपले नाव, गाव आणि कुळी तेथे लिहून ठेवली असेल! गोस्वामींनी त्या बह्या धुंडाळल्या आणि १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांच्या आधारे चित्रकारांच्या घराण्यांची वंशावळ उभी करून दाखविली. बलवंतसिंहाच्या अस्थी घेऊन १७६३ साली हरिद्वारला गेलेल्या नैनसुखाने स्वतः केलेली नोंद तेथे सापडली, आणि तिच्यासोबत त्याच्या हातचे एक रेखाटनही. ज्या चित्रशैलीला आपण केवळ प्रदेशाचे नाव देत होतो, तिच्यामागे बाप, मुलगे, पुतणे असे एक कुटुंब उभे होते, हे त्या वह्यांनी सांगितले. नाव, गाव, बापाचे नाव, साल. याखेरीज दुसरे काही त्यांत नव्हते. तेवढ्याने एका शैलीचा इतिहास बदलला.

हे झाले नोंदीचे बळ. आता नोंद सोडून गोष्ट रंगवीत बसले म्हणजे काय होते, तेही पाहू. इटलीतील जॉर्जो वासारी याने १५५० साली कलावंतांच्या चरित्रांचा आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १५६८ साली त्याची वाढविलेली आवृत्ती काढली. युरोपातील कलेतिहासाचा तो पायाच समजला जातो. परंतु वासारीला कथेचा मोह अनावर होता. आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने मत्सरापोटी आपला मित्र दोमेनिको वेनेत्सियानो याचा खून केला, अशी एक थरारक हकीकत त्याने लिहून ठेवली. तीन शतके कास्तान्योच्या नावावर हा कलंक राहिला. एकोणिसाव्या शतकात संशोधकांनी जुने दप्तर तपासले, तेव्हा असे दिसून आले की कास्तान्यो १४५७ साली प्लेगने मरण पावला आणि दोमेनिको त्याच्यानंतर चार वर्षांनी, १४६१ साली वारला! मेलेल्या माणसाने जिवंताचा खून केला, असा तो प्रकार. दोन मृत्यूंची साले कोणी वेळीच लिहून ठेवली असती, तर एका गुणी कलावंताची एवढी बदनामी झाली नसती.

या उदाहरणांवरून परिचयाचा पहिला नियम निघतो: जे तपासून पाहता येते, तेच लिहावे. आता हे ‘तेच’ म्हणजे काय, याचा क्रमाने विचार करू.

प्रारंभी नाव. यात सांगण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु मराठी कलावंतांचा गोंधळ बहुधा येथूनच सुरू होतो. चित्रावर सही एका नावाने, पत्रिकेवर दुसरे नाव आणि पारितोषिकाच्या प्रशस्तिपत्रावर तिसरे, असे पुष्कळदा आढळते. कित्येक चित्रकर्त्रींची लग्नापूर्वीची चित्रे माहेरच्या नावाने आणि नंतरची सासरच्या नावाने नोंदलेली असतात. पुढे कधी काळी अभ्यासकाला त्या दोन निरनिराळ्या व्यक्ती वाटाव्यात, यात नवल नाही. अशा वेळी एकच नाव कायम ठेवावे. आणि बदललेच असेल, तर परिचयात दोन्ही नावांचा उल्लेख आवर्जून करावा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कलावंतांना तर आणखी एका अडचणीला तोंड द्यावे लागते. इंदूरला बेंद्र्यांसारखे शिष्य घडविणारे दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांचे आडनाव रोमन लिपीत निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या अक्षरांनी लिहिलेले आढळते. देवनागरीत जे नाव एकच दिसते, ते रोमन लिपीत गेल्यावर त्याची दोन-तीन रूपे होतात. बडोदे, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर अशा ठिकाणी वावरणाऱ्या आपल्या चित्रकारांनी रोमन लिपीतील एक रूप ठरवून टाकावे आणि जन्मभर तेच वापरावे.

नावानंतर जन्मवर्ष व जन्मस्थान, शिक्षण कोठे व कोणापाशी झाले, आणि सध्या वास्तव्य कोठे. गुरूचा उल्लेख हा आपल्या संगीतात सहज शिष्टाचार मानला जातो. चित्रकारांनी तो का टाळावा? जो स्वतःच्या प्रयत्नाने शिकला असेल, त्याने तसे सरळ सांगावे. त्यात कमीपणा नाही; आणि पदवी नाही म्हणून भलत्याच संस्थेच्या चार दिवसांच्या वर्गाचे नाव पुढे करण्याचीही आवश्यकता नाही.

त्यानंतर परिचयाचा गाभा येतो, आणि नेमका तोच बहुतेक परिचयांत गळालेला असतो. हा कलावंत करतो काय? कोणत्या माध्यमात, कोणत्या विषयावर, कोणत्या रीतीने? हे सांगण्याऐवजी आपण विशेषणे ओतू लागतो. समजा, अकोल्याची एक चित्रकर्त्री आहे. ती काल्पनिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तिचा परिचय सामान्यतः असा लिहिला जाईल: बालपणापासूनच निसर्गाच्या कुशीत रमणाऱ्या या संवेदनशील चित्रकर्तीने अल्पावधीतच कलाक्षेत्रात आपले आगळे स्थान निर्माण केले असून देशविदेशांतील अनेक मान्यवर प्रदर्शनांत तिच्या कलाकृती गौरविल्या गेल्या आहेत. यात चुकीचे असे काही नाही. पण त्यातून कळते काय? हेच वाक्य आणखी शंभर चित्रकारांखाली छापले, तरी कोणाची तक्रार येणार नाही. जे वाक्य कोणालाही लागू पडते, ते वस्तुतः कोणाचेच नसते.

आता तोच परिचय असा लिहून पाहा: जन्म अकोला, १९८८. नागपूरच्या कला महाविद्यालयातून २०१० साली पदवी. दहा वर्षांपासून वऱ्हाडातील कापसाचे बाजार, जिनिंगचे कारखाने आणि तेथे राबणाऱ्या स्त्रिया यांची चित्रे काढते. माध्यम हातकागदावर कोळसा आणि जलरंग. एकल प्रदर्शने: नागपूर २०१६, पुणे २०१९. अकोल्यातच राहते आणि शाळेत चित्रकला शिकविते. यात एकही विशेषण नाही. तरीही ही बाई आपल्याला दिसू लागते. कापूस पांढरा आणि कोळसा काळा, हे ध्यानात येताच तिची चित्रे पाहण्याची इच्छा होते. परिचयाचे काम एवढेच आहे. त्याने वाचकाचा हात धरून त्याला चित्रापुढे नेऊन उभे करावे आणि स्वतः बाजूला व्हावे.

शाळेत शिकविते, हे शेवटचे वाक्य पुष्कळ जण गाळतील. चरितार्थासाठी केलेली नोकरी परिचयात सांगावयाची नसते, अशी एक खुळी समजूत आहे. नारायण श्रीधर बेंद्रे १९५० ते १९६६ या काळात बडोद्याला अध्यापन करीत होते आणि ते शिकविणे हा त्यांच्या कार्याचाच एक मोठा भाग मानला जातो. धुरंधरांनी जे. जे. स्कूलमधील आपल्या एकेचाळीस वर्षांची हकीकत मराठीत ग्रंथरूपाने लिहून ठेवली. तो ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. त्या कलाशाळेतील शिक्षक-विद्यार्थ्यांचे जग जाणून घ्यावयाचे तर आजही अभ्यासकाला त्याच ग्रंथाकडे वळावे लागते.

बालपणीची आठवण परिचयात मुळीच येऊ नये का? तिने जर चित्राचे दार उघडत असेल, तर अवश्य यावी. सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात, बाबरिया या गावी झाला. प्राथमिक शाळेत त्यांचे चित्त थाऱ्यावर राहत नसे म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे एकटक पाहावयास लावले, ही आठवण ते स्वतः सांगत असत. पुढे पॅरिसमध्ये वर्षानुवर्षे राहिल्यावर त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी तो बिंदू येऊन बसला. ही आठवण सांगितली की चित्र कळावयास मदत होते. ‘लहानपणापासून चित्रकलेची आवड होती’ हे वाक्य मात्र कोणतेच दार उघडीत नाही, कारण लहानपणी चित्रे न काढणारे मूल शोधूनही सापडावयाचे नाही.

कलाविषयक शब्द निवडतानाही असाच विवेक हवा. वासुदेव गायतोंडे यांचा संक्षिप्त परिचय लिहावयाचा झाल्यास तो असा होईल: जन्म नागपूर, १९२४, मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका, १९४८, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ साली पद्मश्री, पुढे दिल्लीस वास्तव्य, रूळ आणि रंगपट्टी यांच्या साहाय्याने तैलरंगांचे थर देत आणि काढीत वर्षाकाठी मोजकीच चित्रे केली, निधन २००१, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ साली त्यांच्या कार्याचे समग्र दर्शन घडविणारे प्रदर्शन. आता यात त्यांच्या चित्रांना कोणते नाव द्यावे? आपण सहजगत्या ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणून मोकळे होतो. परंतु गायतोंड्यांना तो शब्द मान्य नव्हता; आपली चित्रे ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ आहेत, असे ते म्हणत. वस्तूचे रूप हळूहळू विरघळवून केलेले चित्र आणि मुळातच वस्तूकडे पाठ फिरवून केलेले चित्र, यांतला भेद त्या एका शब्दात आहे. गायतोंडे अत्यंत मितभाषी होते. पण आपल्या कामाचे नाव काय असावे, याबाबत ते मुळीच बेफिकीर नव्हते. प्रत्येक चित्रकाराने आपल्या कामासाठी असा एखादा नेमका शब्द शोधावा. तो सापडेपर्यंत मात्र जड परिभाषा उसनी घेऊ नये.

येथे परिचय आणि निवेदन यांच्यातील अंतरही स्पष्ट केले पाहिजे. आपण चित्रे का काढतो, आपल्याला काय अस्वस्थ करते, हे सांगणारा मजकूर म्हणजे निवेदन. ते प्रथमपुरुषी असते, आणि त्यात कलावंताने हवे तितके मोकळे व्हावे. गोव्याच्या साळगावात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी १९५९ साली ‘वर्ड्स अँड लाइन्स’ या पुस्तकात स्वतःविषयी जे लिहिले, त्याची धार आजही बोथट झालेली नाही. परंतु ते निवेदन होते. परिचयाच्या जागी ते चालले नसते. तिसरा प्रकार कार्यवृत्ताचा: प्रदर्शने, पारितोषिके, शिबिरे यांची सालवार यादी. परिचय, निवेदन आणि कार्यवृत्त ही तीन निराळी पात्रे आहेत. एकाचे दुसऱ्यात ओतले की तिन्हींची चव बिघडते.

परिचय कोणत्या पुरुषात लिहावा, हा प्रश्न मराठीत थोडा नाजूक आहे. रीत तृतीयपुरुषाची आहे. परंतु स्वतःविषयी ‘ते चित्रे काढतात’ असे आदरार्थी बहुवचन लिहिताना भल्या माणसाला संकोच होतो, आणि ‘तो काढतो’ हे छापील पानावर कानांना खटकते. यावर आपल्या भाषेनेच तोड ठेवली आहे. ‘मी काढतो’ आणि ‘तो काढतो’, ‘मी राहते’ आणि ‘ती राहते’ यांत क्रियापद एकच आहे. सर्वनाम गाळून टाकले की वाक्य दोन्हीकडून खरे ठरते. आणि ‘जन्म अमुक साली, शिक्षण तमुक ठिकाणी’ अशा वाक्यांना तर क्रियापदाचीही गरज नसते. एखाद्या संस्थेने आपल्या वतीने परिचय छापला, तर तिने खुशाल आदरार्थी रूप वापरावे. तो मान देण्याचा अधिकार तिचा आहे.

हा संकोच आपल्या रक्तातच आहे. समर्थांनी मूर्खाची लक्षणे सांगताना आत्मस्तुती करणाराचा त्यांत समावेश केला आहे आणि आपण ते फारच मनावर घेतले आहे. त्यामुळे कित्येक चांगले चित्रकार ‘माझ्याविषयी काय लिहावयाचे?’ असे म्हणून कागद बाजूला सारतात, आणि मग दुसरा कोणीतरी विशेषणांची पोती त्यांच्यावर रिती करतो. गंमत अशी की, विनयामुळे टाळलेल्या परिचयाची जागा अखेर आत्मस्तुतीहूनही भडक मजकूर घेतो. आपले गाव, गुरू, साल आणि काम सांगणे ही स्तुती नव्हे. साक्षीदाराने आपले नाव सांगितले, तर त्याला कोणी गर्विष्ठ म्हणत नाही.

विनय जसा खोटा असू नये, तसा हिशेबही खोटा असू नये. दहा जणांच्या समूह-प्रदर्शनात दोन चित्रे लागली असतील, तर ते एकल प्रदर्शन म्हणून सांगू नये. प्रवेशशुल्क भरणाऱ्या सर्वांना जी सन्मानचिन्हे वाटली जातात, त्यांना पुरस्कार म्हणू नये. परदेशी राहणाऱ्या एखाद्या आप्ताने एक चित्र घरी लावले, एवढ्यावरून ‘विदेशांतील संग्रहांत समाविष्ट’ असे लिहू नये. सार्वजनिक संग्रहात चित्र असेल, तर त्या संस्थेचे नाव द्यावे. खाजगी संग्राहकाचे नाव मात्र त्याच्या अनुमतीवाचून छापू नये. पूर्वी निमंत्रणपत्रिकेवरील चूक पत्रिकेबरोबर रद्दीत जात असे. आता ती संगणकाच्या जाळ्यातून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी उतरत जाते आणि दहा ठिकाणी दिसली म्हणून खरी मानली जाते. म्हणून आज नेमकेपणाची गरज वासारीच्या काळाहून कमी झालेली नाही. उलट वाढलेलीच आहे.

लांबीविषयी एक सोपा उपाय सांगतो. परिचय तीन मापांत लिहून ठेवावा. एक दोन ओळींचा, चित्राशेजारच्या पाटीसाठी; दुसरा शंभर-दीडशे शब्दांचा, पुस्तिकेसाठी; तिसरा पानभराचा, विस्ताराने मागणाऱ्यांसाठी. मोठा परिचय कापून लहान करण्याचे काम संपादकावर सोपविले, तर तो बहुधा चित्रांविषयीचे वाक्य कापतो आणि पुरस्कार तेवढे ठेवतो. ते काम आपणच करावे. मजकुराखाली तो केव्हा लिहिला, ते साल घालावे आणि दरवर्षी एकदा तो पुन्हा वाचून पाहावा.

हा सारा खटाटोप केवळ प्रदर्शने भरविणाऱ्या शहरी कलावंतांसाठी आहे, असे कोणी समजू नये. डहाणू-तलासरीकडील वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिला जातो. तो सुवासिनींनी लिहावयाचा, ही परंपरा. त्या किती बायका होत्या आणि त्यांच्यांत कोणाचा हात विशेष होता, याची कोठेही नोंद नाही. जिव्या सोमा मशे यांनी हे लेखन भिंतीवरून कागदावर आणले. १९७० नंतरच्या दशकात त्यांची चित्रे मुंबईत व पुढे परदेशांत पाहिली जाऊ लागली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या रूपाने वारली चित्राला प्रथमच एका माणसाचे नाव व्यापक प्रमाणावर लाभले. परंतु आजही दुकानांत, पिशव्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर जी असंख्य चित्रे दिसतात, त्यांखाली ‘वारली चित्र’ एवढेच लिहिलेले असते. जणू ती एखाद्या जमातीने काढली. कोणा एका माणसाने, कोणा एका दुपारी, तांदळाच्या पिठात काडी बुडवून काढली नाहीत! ज्याच्यापाशी लेखणी नाही किंवा जिला आपला परिचय मागितलाच गेला नाही, तिच्यासाठी या दोन ओळी दुसऱ्या कोणीतरी विचारून लिहून घेतल्या पाहिजेत. नाव असले की मोबदला कोणाला द्यावयाचा, हे कळते. नाव नसले की कलाही फुकट आणि हातही फुकट.

म्हणून श्रोत्यांमध्ये जे कलावंत असतील, त्यांना माझी एक विनंती आहे. एक साधी वही घ्यावी. पहिल्या पानावर आपले नाव, जन्मसाल, गाव आणि ज्यांच्यापाशी शिकलो त्यांची नावे लिहावीत. त्यापुढे प्रत्येक चित्राला एक ओळ द्यावी: शीर्षक, माध्यम, माप, साल, आणि ते आता कोणाकडे आहे. चित्राच्या पाठीमागेही एवढे लिहावे. ज्यांच्या घरी आई, काका किंवा आजोबा यांची जुनी चित्रे भिंतीवर किंवा माळ्यावर आहेत, त्यांनी ठाऊक असलेली माणसे हयात आहेत तोवर विचारून घ्यावे आणि चित्रामागे पेन्सिलीने हलक्या हाताने नोंदवावे. हे काम अवघ्या दहा मिनिटांचे आहे. पण ज्यांना विचारावयाचे त्यांचे वय झालेले असते, आणि ही दहा मिनिटे पुढे ढकलून चालत नाहीत.